कलावंताचा अर्ज

आपल्या सुशिक्षित घरांतून अर्ज हा शब्द कांहीं नवा नाहीं. नोकरीसाठीं अर्ज, रजेसाठीं अर्ज, मुलाच्या शाळाप्रवेशासाठीं अर्ज, असे अर्ज आपण जन्मभर लिहीत असतों. आणि ते लिहितांना आपल्यास कमीपणा येतो असें कोणासहि वाटत नाहीं. परंतु घरांतील एखादा मुलगा चित्रकार निघाला, एखादी मुलगी गाणें हाच आपला व्यवसाय समजूं लागली, आणि त्यांनीं आपल्या कामासाठीं कोठें द्रव्यसाहाय्य मागण्याचें ठरविलें, कीं त्याच घरांत कुजबूज सुरू होते. "कला ती कला, तिच्यासाठीं का दारोदार हात पसरावयाचा?" असें वडील माणसें म्हणतात, आणि तें ऐकून तरुण माणसें लिहिलेला कागद घडी घालून ठेवून देतात. हा संकोच सात्त्विक दिसतो खरा. पण त्यापायीं किती काम अपुरें राहतें याचा हिशेब आपण कधीं मांडीत नाहीं. तो मांडावा, आणि असा अर्ज कसा लिहावा याविषयीं प्रत्यक्ष अनुभवाच्या चार गोष्टी सांगाव्या, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हा प्रश्न आमच्या शेजारींच उभा राहिला. शेजारच्या घरांत एक वृद्ध कीर्तनकार राहतात. आम्ही सारे त्यांस बुवा म्हणतों. वय ७८ वर्षें. नारदीय पद्धतीचें कीर्तन. सातारा जिल्ह्यांतील गांवोगांवच्या उत्सवांतून पन्नास वर्षें उभे राहिलेले. त्यांच्यापाशीं आख्यानांचें एक जाड बाड आहे. पण बाडांत आहे तें केवळ पद्य. साकी संपवून दिंडींत कसें शिरावें, कटाव म्हणतांना श्वास कोठें घ्यावा, पूर्वरंगांतील कोणत्या दृष्टांताला उत्तररंगांत पुन्हां हात घालावा, ही विद्या बाडांत नाहीं. ती बुवांच्या गळ्यांत आणि स्मरणांत आहे. त्यांची नात २९ वर्षांची. गाणें शिकलेली, आणि एका खासगी कचेरींत नोकरीस असलेली. दोन वर्षें नोकरी सोडावी, आजोबांचीं सारीं आख्यानें ध्वनिमुद्रित करावीं, चालींसह लिहून काढावीं, असें तिच्या मनांत आलें. विचार उत्तम होता. परंतु दोन वर्षें घर कोणी चालवावयाचें?

मी शाळामास्तरकींतून निवृत्त झालेला मनुष्य. कागदपत्रांची थोडीबहुत संवय. म्हणून मी दोन कागद घेऊन त्यांच्याकडे गेलों. एक बुवांसाठीं, वृद्ध कलावंतांस शासन देत असलेल्या मानधनाचा. दुसरा नातीसाठीं, कलाविषयक अनुदानांच्या माहितीचा. बुवांनीं पहिला कागद वाचला आणि शांतपणें परत केला.

"मास्तर, कीर्तन झाल्यावर आरतीच्या ताटांत जें पडतें तें मी घेतों. तें देवापुढचें असतें. यजमान बिदागी देतो, तीहि घेतों. पण मी गरीब आहें असें कागदावर लिहावयाचें, त्याला उत्पन्नाचा दाखला जोडावयाचा, आणि मग पैसे मागावयाचे, हें माझ्यानें होणार नाहीं. आणि पोरीलाहि तें शिकवूं नका."

यावर मला तत्काल उत्तर सुचलें नाहीं. घरीं येऊन विचार करूं लागलों तेव्हां ध्यानांत आलें, कीं बुवांच्या या आक्षेपाला आपल्याच इतिहासांत उत्तर आहे.

पुण्यांतील श्रावणमासाची दक्षिणा आपण सर्वांनीं ऐकलेली आहे. तळेगांवच्या दाभाडे सेनापतींच्या घराण्यांत ती सुरू झाली आणि पुढें पेशव्यांनीं ती चालविली. पर्वतीजवळच्या रमण्यांत दूरदूरचे ब्राह्मण जमत, आणि त्यांतील विद्वानांची परीक्षा होऊन ज्याच्या त्याच्या अधिकाराप्रमाणें रक्कम ठरे. परीक्षेस बसणें हाहि एक अर्जच होता. पण त्या विद्वानांस कोणी भिकारी म्हटलें नाहीं. पेशवाई गेल्यावर इंग्रज सरकारनें ही दक्षिणा आटोपशीर करून पुढें चालविली. मग १८४९ सालीं पुण्यांतील सुधारक तरुणांनीं सरकारकडे एक अर्ज केला. दक्षिणेच्या रकमेंतील कांहीं भाग मराठी भाषेंत चांगले ग्रंथ लिहिणारांस द्यावा, आणि तो देतांना लेखकाची जात पाहूं नये, असें त्यांचें मागणें होतें. लोकहितवादींचें नांव या चळवळीशीं जोडलेलें आहे. जुन्या मंडळींचा मोठा विरोध झाला; परंतु अर्ज मान्य झाला, मराठी ग्रंथांस बक्षिसें देण्यासाठीं दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली, आणि पुढें त्याच निधींतून कॉलेजांतील हुशार विद्यार्थ्यांस दक्षिणा फेलो नेमण्याची चाल पडली. न्यायमूर्ति रानडे आणि डॉ. भांडारकर हे दोघेहि दक्षिणा फेलो होते. मराठी ग्रंथकर्त्यास सार्वजनिक निधींतून साहाय्य मिळूं लागलें, तें अशा रीतीनें एका अर्जामुळें. तो अर्ज करणारांनीं लाज धरली असती, तर दक्षिणा ज्या थोड्यांच्या हातीं पडत होती त्यांच्याच हातीं पडत राहिली असती.

परदेशांतील एक उदाहरण याहून जुनें आहे. सुमारें १४८२ सालीं लिओनार्दो दा विंची या चित्रकारानें मिलान शहराचा सत्ताधीश लुदोव्हिको स्फोर्झा यास आश्रयासाठीं एक पत्र लिहिलें. त्याचा मसुदा आजहि उपलब्ध आहे. जगांतील श्रेष्ठ चित्रकारांत ज्याची गणना होते, त्यानें त्या पत्रांत आरंभीं चित्रकलेचें नांवसुद्धां काढलें नाहीं. चटकन् उभारतां येणारे हलके पूल, किल्ल्यांस वेढा घालण्याचीं साधनें, तोफा, आच्छादित रणगाडे, अशीं युद्धोपयोगी कामें त्यानें क्रमवार सांगितलीं. कारण लुदोव्हिकोस तेव्हां काळजी होती ती युद्धाची. अगदीं शेवटीं, शांततेच्या काळीं मी इमारती बांधूं शकतों, मूर्ति घडवूं शकतों आणि चित्रेंहि काढूं शकतों असें लिहून, लुदोव्हिकोच्या दिवंगत वडिलांच्या स्मारकासाठीं काशाचा अश्व घडविण्याचें काम हातीं घेतां येईल, असें त्यानें सुचविलें. या पत्रापासून घ्यावयाचा धडा असा, कीं आपला अर्ज जो वाचणार त्याची गरज काय, हें अर्जदारानें आधीं ओळखावें. मात्र जें आपल्यास येत नाहीं तें येतें म्हणून लिहूं नये.

साहाय्य न मागतां, किंवा मागून न मिळाल्यामुळें, ज्यांनीं सर्व भार घरावर घेतला त्यांचींहि उदाहरणें आपल्यापुढें आहेत. दादासाहेब फाळके यांनीं चित्रपटाची विद्या शिकण्यासाठीं १९१२ सालीं विलायतेस जातांना आपली विम्याची पॉलिसी गहाण टाकली. 'राजा हरिश्चंद्र' पुरा होण्यासाठीं सरस्वतीबाईंनीं आपले दागिने पुढें केले. चाळीस वर्षांनीं बंगालमध्यें सत्यजित राय यांच्या घरींहि जवळजवळ हीच कथा घडली. विम्याची पॉलिसी आणि पत्नीचे अलंकार गेले, तरी 'पथेर पांचाली' अपुराच राहिला. अखेर पश्चिम बंगाल सरकारनें पैसा दिला, आणि सरकारी दप्तरांत तो रस्तेसुधारणेच्या खातीं पडला असें सांगतात. तो चित्रपट १९५५ सालीं पुरा होऊन जगभर गाजला. सरस्वतीबाईंच्या त्यागास नमस्कार असो. पण प्रत्येक कलाकृतीसाठीं घरांतील स्त्रीच्या अंगावरील सोनें उतरावें, ही कांहीं समाजाच्या रसिकतेची खूण नव्हे.

साहाय्य वेळेवर मिळालें तर काय होतें तेंहि पाहावें. नागपुरास जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे १९६४ सालीं रॉकफेलर फंडाच्या पाठ्यवृत्तीवर न्यूयॉर्कला जाऊन राहिले आणि तेथील चित्रकला त्यांनीं जवळून पाहिली. अकबर पदमसी यांनीं १९६९ सालीं मिळालेल्या नेहरू पाठ्यवृत्तीच्या पैशांतून मुंबईंत एक कार्यशाळाच उभी केली, आणि चित्रकार व चित्रपटकार यांस तेथें एकत्र काम करण्याची सोय करून दिली. विजय तेंडुलकर यांनीं हीच पाठ्यवृत्ति घेऊन समाजांतील वाढत्या हिंसेचा अभ्यास केला. या तिघांस मिळालें तें मुख्यतः द्रव्य नव्हे. मिळाला तो वेळ. द्रव्य हें वेळ विकत घेण्याचें साधन आहे. कलावंताचें भांडवल म्हणजे त्याचे दिवस, आणि ते दिवस पोटासाठीं दुसरीकडे विकावे लागतात, हीच त्याची खरी अडचण असते.

आतां आजच्या काळीं असें साहाय्य कोठें मिळतें, हें थोडक्यांत सांगतों. प्रथम एक भेद ध्यानांत ठेवावा. कलावंतास मिळणारें साहाय्य तीन प्रकारचें असतें: उतारवयांत निर्वाहासाठीं, तरुणपणीं शिक्षणासाठीं, आणि कोणत्याहि वयांत एखाद्या विशिष्ट कामासाठीं. पुष्कळ अर्ज बाद होतात ते गुण नसतात म्हणून नव्हे, तर एका प्रकारचें साहाय्य दुसऱ्या दारीं मागितल्यामुळें.

निर्वाहाच्या प्रकारांत महाराष्ट्र शासनाची वृद्ध साहित्यिक व कलावंत यांस मानधन देण्याची योजना फार जुनी आहे. तिला आतां राजर्षि शाहू महाराजांचें नांव दिलेलें असून, २०२४ सालीं पूर्वीच्या श्रेणी काढून टाकून दरमहा सरसकट ५००० रुपये मानधन ठरविण्यांत आलें. वयाचीं ५० वर्षें पुरीं झालेला, बरींच वर्षें कलेची सेवा केलेला आणि उत्पन्न बेताचें असलेला कलावंत तीस पात्र ठरतो. कीर्तनकार, शाहीर, तमासगीर, भजनी या सर्वांचा तींत समावेश होतो. शिक्षणाच्या व कामाच्या प्रकारांत केंद्रीय संस्कृति मंत्रालयाच्या योजना मुख्य आहेत. १८ ते २५ वर्षें वयाच्या तरुण कलावंतांस दरमहा ५००० रुपयांची शिष्यवृत्ति, २५ ते ४० वर्षांच्या अभ्यासकांस दरमहा १०,००० रुपयांची कनिष्ठ पाठ्यवृत्ति, आणि ४० वर्षांवरील अनुभवी मंडळींस दरमहा २०,००० रुपयांची वरिष्ठ पाठ्यवृत्ति, असें त्यांचें मान गेलीं कांहीं वर्षें चालत आलें आहे. मुदत दोन वर्षांची असते, आणि दर सहा महिन्यांनीं कामाचा अहवाल द्यावा लागतो. सरकारबाहेरच्या संस्थांत बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था प्रसिद्ध आहे. ती १९९३ सालीं स्थापन झाली, आणि कलाविषयक संशोधन, प्रयोग व शिक्षण यांसाठीं व्यक्तींस अनुदानें देते. तिच्याकडे अर्ज कोणत्याहि भारतीय भाषेंत करतां येतो, म्हणजे मराठींतहि. इंग्रजी नीट येत नाहीं म्हणून मागें राहणाऱ्या मंडळींनीं ही गोष्ट अवश्य लक्षांत ठेवावी. रकमा, वयोमर्यादा आणि मुदती वेळोवेळीं बदलतात. म्हणून कागद हातीं घेण्यापूर्वीं त्या वर्षाची जाहिरात अक्षर न् अक्षर वाचावी. आणि "तुमची निवड करून देतों" म्हणून आगाऊ पैसे मागणारा मध्यस्थ भेटला, तर त्यास दारावरूनच वाटेस लावावें.

ही सारी हकीकत मी बुवांस सांगितली. दक्षिणेची गोष्ट त्यांनीं लक्षपूर्वक ऐकली; पण मानधनाच्या कागदावर सही केली नाहीं. मात्र नातीस त्यांनीं मनाई केली नाहीं. ती लिहावयास बसली.

तिचा पहिला अर्ज मी पाहिला होता, आणि मला तो आवडला होता, हें मला येथें कबूल केलें पाहिजे. तीन पानांचा मजकूर. आरंभीं भारताच्या प्राचीन सांस्कृतिक परंपरेचें वर्णन. मग नारदमुनि, मग संत, मग लोकजागृतींत कीर्तनाचें स्थान. बुवांचें नांव तिसऱ्या पानावर आलें. खर्चाचा अंदाज एका ओळींत दिलेला होता: ध्वनिमुद्रण, प्रवास व संकीर्ण मिळून २ लक्ष रुपये. नमुना म्हणून एका कीर्तनाचें दोन तासांचें सबंध मुद्रण जोडलें होतें. चार महिन्यांनीं त्या संस्थेकडून दोन ओळींचें नकाराचें पत्र आलें. कारण दिलें नव्हतें.

त्या पत्रानें मुलगी खचली. "काका, आजोबांचें कीर्तन त्यांना आवडलें नाहीं," असें ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. खरें दुःख तें होतें. नकार आला होता कागदास; पण तिला वाटलें तो आजोबांच्या पन्नास वर्षांस आला. नवशिक्या अर्जदारानें ही गोष्ट पहिल्याच दिवशीं मनावर कोरून ठेवावी, कीं परीक्षकांपुढें शेंकडों कागद असतात आणि रक्कम थोडी असते. त्यामुळें चांगल्या कामांसहि नकार मिळतो. अनुदान मिळणें हें कलेचें प्रमाणपत्र नव्हे, आणि न मिळणें हा कलेवरील निकाल नव्हे.

आठ दिवसांनीं आम्ही दोघांनीं तो अर्ज त्रयस्थाच्या दृष्टीनें पुन्हां वाचला. तेव्हां आमच्या ध्यानांत आलें, कीं बुवांस कधीं न पाहिलेल्या मनुष्यास त्या तीन पानांतून कांहींच कळत नव्हतें. कीर्तनपरंपरा थोर आहे हें परीक्षकांस ठाऊक असतें. त्यांस ठाऊक नसतें तें हें, कीं या घरांत काय आहे आणि तें किती दिवस राहणार आहे. मग आम्ही जुना कागद बाजूस ठेवून चार प्रश्न लिहिले. काय करणार? तें मीच कां करावें? आतांच कां करावें? आणि झाल्यावर काय उरेल व कोणास मिळेल?

या प्रश्नांचीं उत्तरें हाच दुसरा अर्ज झाला. त्याचा आरंभ असा होता: "माझ्या आजोबांस २४ आख्यानें चालींसह तोंडपाठ आहेत. त्यांपैकीं ९ आख्यानांच्या चाली दुसऱ्या कोणास येत असल्याचें आमच्या माहितींत नाहीं. त्यांचें वय ७८ आहे." या तीन वाक्यांत अलंकार नाहीं, संस्कृतिगौरव नाहीं, पण वाचणारा तेथें थांबल्यावांचून राहणार नाहीं. पुढें तिनें लिहिलें, कीं आपण दहा वर्षें गाणें शिकलों आहों, स्वरलेखन येतें, आणि आजोबांच्या मागें झांज घेऊन लहानपणापासून उभ्या राहिलों आहों, म्हणून हें काम आपण करावें. महिन्यास एक आख्यान असा चोवीस महिन्यांचा क्रम आंखून दिला. शेवटीं ध्वनिमुद्रणें व स्वरलिपींतील वह्या कीर्तन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस खुल्या राहतील असें नमूद केलें. नमुना म्हणून दोन तासांऐवजीं सहा मिनिटांचा एकच कटाव जोडला, आणि त्याखालीं, यांत काय ऐकावें, तें चार ओळींत लिहिलें. शिफारसपत्रें घेतलीं तीं मोठ्या नांवाच्या माणसांचीं नव्हेत, तर ज्यांनीं तिचें काम स्वतः पाहिलें होतें अशांचीं. एक तिच्या गायनगुरूंचें, दुसरें ज्या देवस्थानांत बुवांचें कीर्तन वर्षानुवर्षें होत आलें तेथील विश्वस्तांचें.

राहिलें अंदाजपत्रक. कलावंतांस हा भाग रूक्ष वाटतो. पण माझ्या मतें अर्जाचा प्राण त्यांत असतो. कारण आपण कोणाच्या श्रमास किंमत देतों आणि कोणाचे श्रम फुकट धरतों, हें तेथें आंकड्यांनीं उघड होतें. पहिल्या अर्जांत या मुलीनें स्वतःच्या निर्वाहाचा एक पैसाहि धरला नव्हता. तबलजी व पेटीवाले यांचें नांवहि नव्हतें. दुसऱ्या वेळीं आम्ही एक एक बाब वेगळी लिहूं लागलों: मुद्रणयंत्र भाड्यानें, साथीदारांचें मानधन बैठकीगणिक, गांवीं जाण्यायेण्याचा खर्च, वह्यांची छपाई, अर्जदाराचा निर्वाहवेतन. आणि मग तिनें आणखी एक ओळ लिहिली: "मुख्य कीर्तनकार, मानधन, २४ आख्यानें."

बुवा बाजेवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "ती ओळ खोड. नातीला शिकवण्याचे मी पैसे घेऊं?"

ती म्हणाली, "आजोबा, शिकवण्याचे नाहींत. चोवीस दिवस उभें राहून म्हणणार, त्याचे. यजमानानें दिले असते तर घेतले असतेत ना? येथें यजमान ती संस्था आहे."

बुवा बराच वेळ बोलले नाहींत. मग त्यांनीं कागद मागून घेतला, चष्मा लावला, आणि आपल्या ओळीच्या वरची साथीदारांची ओळ पाहून म्हणाले, "तबलजीचे कमी लावलेस. तीस वर्षें माझ्यामागें बसतो आहे. कित्येक गांवांतून त्याला नुसता नारळ मिळाला, आणि मीहि कधीं त्याच्यासाठीं तोंड उघडलें नाहीं. त्याचे आधीं वाढव." दुसऱ्या दिवशीं त्यांनीं मला बोलावून घेतलें आणि मानधनाचा तो सही न केलेला कागद मागितला. स्वतःसाठीं नव्हे, तबलजीसाठीं. त्याचें वय ६३, घरचें उत्पन्न जेमतेम. त्याच्या सेवेचें प्रशस्तिपत्र बुवांनीं स्वहस्तें लिहून दिलें.

स्वतःसाठीं मागण्याची लाज वाटते. पण कामांत दुसऱ्याचा वांटा असतो, आणि आपण न मागितल्यामुळें त्याचाहि वांटा बुडतो, हें दिसल्यावर त्या लाजेचें रूप बदलतें. मला वाटतें, अर्ज आणि याचना यांतील भेद येथेंच आहे. याचना करणारा आपली गरज सांगतो. अर्जदार आपलें काम सांगतो. त्यास कोणते हात लागतात, किती दिवस लागतात, काय खर्च येतो तें सांगतो. आणि पुढें हिशेब देण्यास बांधून घेतो. याचनेंत हिशेब नसतो. म्हणून ज्यास अनुदान मिळेल त्यानें पहिल्या दिवसापासून पावत्या ठेवाव्या, अहवाल मुदतींत पाठवावा, आणि करारांत कृतीचा हक्क कोणाकडे राहतो तें सही करण्यापूर्वीं वाचावें. ज्यांचें मुद्रण करावयाचें त्यांची लेखी संमति घ्यावी, मग ते आपले आजोबा कां असेनात.

घरच्या मंडळींसहि या कामीं करण्यासारखें पुष्कळ आहे. अर्ज लिहिणाऱ्या मुलास "किती मिळणार?" असें विचारण्यापूर्वीं "काय करणार आहेस?" असें विचारावें. त्याचा मसुदा ऐकावा, आणि आपल्यास जें वाक्य समजलें नाहीं तें स्पष्ट सांगावें. कारण घरांतील मनुष्यास न समजलेलें वाक्य परक्या परीक्षकासहि समजत नाहीं. जुनीं कार्यक्रमपत्रिका, वृत्तपत्रांतील कात्रणें, प्रशस्तिपत्रें रद्दींत घालूं नयेत. तींच पुढें पुरावा म्हणून उपयोगीं पडतात. आणि नकार आला तर त्या दिवशीं उपदेश करूं नये.

दुसरा अर्ज दुसऱ्या एका संस्थेकडे गेला. सहा महिन्यांनीं उत्तर आलें. काम मंजूर झालें, परंतु मागितलेल्या रकमेच्या दोनतृतीयांश रकमेपुरतें. मुलीनें पुन्हां अंदाजपत्रक हातीं घेतलें. साथीदारांचें मानधन कमी करावयाचें नाहीं असें तिनें ठरविलें. मग एकच मार्ग उरला. चोवीस आख्यानांऐवजीं सोळाच घ्यावयाचीं.

कोणतीं सोळा घ्यावयाचीं हें ठरविण्यासाठीं ती बाड घेऊन आजोबांपुढें बसली, तेव्हां मी तेथें होतों. जीं ९ दुसऱ्या कोणास येत नाहींत तीं पहिल्यानें घेतलीं. उरलेल्या पंधरांतून सात निवडावयाचीं होतीं. बुवा एकेक पान उलटीत, दोन ओळी गुणगुणत, आणि खूण करीत. आवाज पूर्वीसारखा राहिलेला नाहीं; वरचा षड्ज आतां लागतो तो थरथरत. सातवी खूण झाल्यावर बाडांत आठ आख्यानें खुणेवांचून राहिलीं. त्यांतील एक त्यांनीं आपल्या गुरूंपाशीं सर्वांत प्रथम शिकलेलें होतें. तें पान त्यांनीं पुन्हां एकदां उघडलें, थोडा वेळ पाहिलें, आणि मिटलें.

मग नातीकडे वळून ते म्हणाले, "या आठांसाठीं दुसरा अर्ज कर. मुदत केव्हांची आहे तें आजच पाहून ठेव."